सगळ्यांचं मोजा

दोघी जावा एका घरात राहत, एका ओट्यावर स्वयंपाक करत आणि एकाच कारखान्यात, एकाच रांगेत बसून बूट शिवत. इतकी जवळीक कुणालाही सोसत नाही. थोरलीने सकाळी ठेवलेलं पातेलं धाकटीने जागचं हलवलं नाही असा दिवस उगवत नसे, आणि धाकटीने वाळत घातलेले कपडे थोरलीने काढून, झटकून पुन्हा वाळत घातले नाहीत असंही कधी झालं नाही. याला भांडण म्हणता येणार नाही. भांडायला निवांतपणा लागतो आणि दोघींना कारखान्याची बस गाठायची असे.

कारखाना खेळाडूंच्या बुटांचा. लांबलचक पत्र्याची शेड, वर पांढऱ्या दिव्यांच्या ओळी, खाली शिलाई मशीनच्या ओळी, आणि पार टोकाला सोल चिकटवायचा विभाग. तिथल्या गोंदाचा वास सगळ्या शेडभर भरून राहायचा, बायकांच्या केसांतून घरापर्यंत यायचा. थोरली टाचेची बाजू शिवायची. धाकटी बुटाची जीभ शिवायची, म्हणजे नाडीखाली असते ती लांबट पट्टी. "दिवसभर जिभा शिवते," सासूबाई म्हणायच्या, "स्वतःची तेवढी शिवायची राहिली."

तशी दोघींना रांगेतली सगळीच कामं यायची. कुणी रजेवर गेलं की यांच्यापैकी एकीला तिथे बसवायचं, हा नेमच होता. पण वेगात थोरली ती थोरली. तिचं काम बघायला नवीन मुली मागे उभ्या राहत. कातड्याचा तुकडा तिच्या बोटांखाली यायचा, वळायचा आणि शिवून पलीकडे जायचा, मध्ये काय झालं ते डोळ्यांना कळायचं नाही. रांगेत तिला भिंगरी म्हणत. धाकटीही काही कमी नव्हती. दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात ती पहिली आली असती. पण नशिबाने तिला याच घरात दिली होती आणि याच कारखान्यात कामाला लावली होती, म्हणून ती जन्माची दुसरी राहिली.

मागे कारखान्याने जलद शिलाईची स्पर्धा घेतली होती. थोरलीला इस्त्री मिळाली आणि फाटकाजवळच्या भिंतीवर तिचा फोटो लागला. धाकटीला टॉवेल मिळाला. स्पर्धेतल्या टाळ्यांचे आवाज विरतात न विरतात तोच साहेबांनी सगळ्या रांगेचं टार्गेट वाढवलं. एक बाई करू शकते म्हणजे बाकीच्यांनाही जमायला हवं, असं त्यांचं म्हणणं. रोजचं टार्गेट भरलं तरच पूर्ण पगार, नाहीतर कापला.

त्यानंतर रांगेत हळूहळू काय काय बदललं ते बाहेरच्या माणसाला दिसलं नसतं. बायका सकाळी पाणी पिईनाशा झाल्या, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. डबा मांडीवर घेऊन एका हाताने खाणं सुरू झालं. आणि काकींचा पगार दर महिन्याला कापला जाऊ लागला. काकी रांगेतल्या सगळ्यांत जुन्या. थोरलीला मशीनवर बसायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांची शिलाई आजही सरळ यायची, पण बोटांचे सांधे सुजले होते आणि सुजलेल्या बोटांना टार्गेट कळत नाही.

या सगळ्याबद्दल थोरलीला कुणी चकार शब्द बोललं नाही. बोलली ती धाकटीच. एका संध्याकाळी थोरली मुलांच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करत होती, तेव्हा भाजी चिरता चिरता धाकटी म्हणाली, "तुमच्या इस्त्रीने घरातले कपडे सरळ झाले जाऊबाई, आमच्या रांगेचा मात्र पार चुरगळा झाला."

थोरलीने वर पाहिलं नाही. हातातला शर्ट पुरा केला, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. धाकटीला वाटलं, आज आपण जिंकलो. त्या दिवशी ती दोन घास जास्तच जेवली.

पुढे बरेच महिने गेले आणि कारखान्याला नव्या बुटाची मोठी ऑर्डर आली. नवा बूट म्हणजे नवं टार्गेट. ते ठरवायला हेड ऑफिसहून एक माणूस आला. सडपातळ, चष्मा, गळ्यात लोंबणारं स्टॉपवॉच. बायकांनी पहिल्या दहा मिनिटांतच त्याचं नाव घड्याळमास्तर ठेवून टाकलं. रांगेतल्या एका बाईने नव्या बुटाचा वरचा भाग पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत शिवायचा, मास्तरांनी वेळ टिपायची, आणि त्यावरून सगळ्यांचं टार्गेट निघायचं, असा बेत होता.

ती एक बाई कोण, हे विचारायची गरजच नव्हती. साहेब स्वतः थोरलीच्या मशीनपाशी आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही बसा. आणि हे काम झालं की तुम्हाला रांगप्रमुख करतोय. खुर्चीवर बसायचं, देखरेख करायची. तुमचं मशीन सुटलं."

धाकटीच्या हातातली जीभ तिथेच थांबली. रांगप्रमुखाला टार्गेट नसतं. पगार जास्त. आणि थोरलीची पाठ गेली दोन वर्षं रात्री तिला झोपू देत नाही, हे धाकटीला भिंतीपलीकडून ऐकून माहीत होतं. ती मनात म्हणाली, चला, बसल्या एकदाच्या सिंहासनावर.

थोरली मशीनवरून उठली, पदराला चिकटलेले दोरे झटकले आणि म्हणाली, "मी एकटी बसणार नाही, साहेब."

"म्हणजे?"

"माझा वेग माझ्यापुरता. त्याच्यावर काकींचा पगार ठरवू नका."

"काकींचा प्रश्न वेगळा आहे."

"वेगळा कसा? टार्गेट तर एकच." तिचा आवाज चढला नव्हता. घरात भाताला पाणी किती घालायचं ते सांगायची, तोच आवाज. "मोजायचंच तर सगळ्यांचं मोजा. माझं मोजा, काकींचंही मोजा. नुसतं सकाळच्या ताज्या हातांचं नको, दिवस मावळेपर्यंत मोजा. दोरा तुटतो तोही वेळ धरा, सुई बदलतो तोही धरा, पाणी प्यायला उठतो तोही धरा. मग जे काय निघेल ते टार्गेट लावा. आम्ही करू."

मशीन एकेक करत थांबली होती. घड्याळमास्तर उगाचच चष्मा पुसू लागले. साहेब रागावले की त्यांचा आवाज मऊ होत असे. अगदी मऊ आवाजात ते म्हणाले, "तुम्ही दमलेल्या दिसताय. थोडे दिवस दोरे कापा."

दोरे कापायचं टेबल शेडच्या कोपऱ्यात होतं. शिवून आलेल्या भागांचे सुटे दोरे छोट्या कात्रीने कापायचे, बस. नवशिक्या पोरींचं काम, आणि पगारही नवशिक्यांचाच. थोरलीने आपली पाण्याची बाटली उचलली, मशीनच्या खणातला चष्मा घेतला आणि सगळ्या रांगेसमोरून चालत कोपऱ्यात गेली. साहेबांची नजर रांगेवरून फिरत फिरत धाकटीवर येऊन थांबली.

"उद्या सकाळी तुम्ही बसा," ते म्हणाले. "सांगितलेलं सगळं तुम्हाला लागू."

खोटं कशाला बोला, धाकटीला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी आधी तिच्याकडे बघितलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, आधी नाही, नंतरच बघितलं. पण आनंद व्हायचा तो होऊन गेला होता.

घरी ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. धाकटीच्या नवऱ्याने चहाचा कप तिच्या हातात दिला, जे तो सहसा करत नसे, आणि म्हणाला, "चालून आलंय, सोडू नकोस. वहिनींनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, त्याला तू काय करणार?" सासूबाई ओट्याशी उभ्या राहून कांदा चिरत होत्या. त्या कुणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे कळत होतं.

थोरली गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. धाकटी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला वाटलं होतं, जाऊबाई आता हात धरतील, नको बसूस म्हणतील. मग आपण म्हणू, इस्त्री मिळाली तेव्हा तुम्ही बसलात ना? सगळं भाषण तिच्या तोंडात तयार होतं. पण थोरली नुसती घड्या घालत राहिली.

शेवटी धाकटीलाच राहवलं नाही. "तुम्ही मला काही सांगत का नाही?"

"काय सांगू?"

"बसू नकोस म्हणून."

"मी बसू नकोस म्हटलं असतं तर तू नक्की बसली असतीस," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं एका घरात काढली आपण."

धाकटीला हसू आलं आणि त्या हसण्याचा रागही आला. "मग मी बसले तर?"

"बस. तुझा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा कुठे कमी नाही. जिभेचं वळण तर मला तुझ्यासारखं येतच नाही." थोरलीने उशीची खोळ उलटी करून सुलट केली. "त्या दिवशी तू इस्त्रीवरून बोललीस ना, ते मला फार लागलं. रांगेतल्या बाकी सगळ्या माझ्याशी गोड बोलत राहिल्या. घरची म्हणून तू तरी खरं बोललीस. एवढंच. धर, ही चादर धर त्या टोकाने."

दोघींनी चादरीची घडी घातली. जिंकल्यासारखं वाटलेली ती संध्याकाळ धाकटीला आठवली. आपण ते काकींसाठी बोललोच नव्हतो, हे तिचं तिला चांगलं ठाऊक होतं. आपण टॉवेलासाठी बोललो होतो. आणि या बाईने ते खरं धरलं, इतके महिने मनात ठेवलं, आणि वेळ आल्यावर त्याची किंमत रांगेसमोर मोजली.

सकाळी धाकटी मशीनवर बसली. आपण काय करणार आहोत हे तिला तेव्हाही माहीत नव्हतं. घड्याळमास्तर बाजूला उभे, साहेब मागे हात बांधून. कोपऱ्यातल्या टेबलापाशी थोरली मान खाली घालून दोरे कापत होती. मास्तर म्हणाले, "करा सुरू."

आणि धाकटीने शिवलं. अंगात असलेलं सगळं कसब त्या एका बुटात उतरलं. सुई तिच्या बोटांच्या पुढे पळत नव्हती की मागे राहत नव्हती. टाचेचं वळण, बाजूची दुहेरी शिलाई, शेवटी जीभ. एकदाही दोरा तुटला नाही. तिने शेवटचा टाका घातला आणि मास्तरांनी बटण दाबलं तेव्हा त्यांच्या तोंडून आपसूक "वा!" निघून गेलं. इतक्या वर्षांची तहान भागली.

साहेब हसत म्हणाले, "छान. अजून दोन शिवा, म्हणजे सरासरी काढता येईल."

धाकटीची नजर शेजारी गेली. काकी तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, उलट कौतुकच होतं, एका जुन्या कारागिराला दुसऱ्याच्या हाताचं वाटावं तसं. मांडीवर त्या एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत होत्या.

धाकटी उठून उभी राहिली.

"हे माझ्या हौसेचं झालं, साहेब. ते मास्तरांनी खोडून टाकावं. दुसरा मी एकटी नाही शिवणार. सगळ्यांचं मोजा."

साहेबांचा आवाज पुन्हा मऊ झाला. धाकटीने त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "कळलं, दोरे कापते," म्हणाली आणि निघाली. टेबलापाशी थोरलीने तिला जागा करून दिली, कात्री पुढे सरकवली. "बोथट आहे," एवढंच म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले होते. ते लपवायला ती खाली पडलेला दोरा शोधत बराच वेळ वाकून राहिली.

मग तिसरीला बोलावणं आलं. तिला रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी सुरू झाली की सुट्टीपर्यंत बंद होत नसे. साहेब तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "मी आपली जातेच," ती म्हणाली, "तुम्हाला चालायचे कष्ट नकोत." सगळ्या रांगेत खसखस पिकली. त्यानंतर चौथी गेली, पाचवी गेली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कारखान्यातले सगळे चांगले हात कोपऱ्यातल्या टेबलाभोवती दाटीवाटीने बसले होते आणि कापायला दोरे उरले नव्हते, कारण शिवायला कुणी उरलं नव्हतं. रेडिओ आपल्याच पदराचे दोरे कापत बसली. "रिकामं बसलं तर पगार कापतील," ती म्हणाली.

हसण्यावारी नेलं तरी धोका सगळ्यांना ठाऊक होता. नवशिक्यांच्या पगारात कुणाचंच घर चालणार नव्हतं. फाटकाबाहेर काम मागणाऱ्यांची कमतरता नाही, हे साहेबांनी दोनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच काही नव्या मुली आणून मशीनवर बसवल्या. त्या मुलींनी नव्या बुटाची टाच अशी शिवली की बूट पुढे जाणार की मागे, ते कळेना. एकीच्या बोटातून सुई गेली. मशीन थांबवायला आधी धावली ती थोरली. तिने सुई काढली, बोट बांधलं, आणि त्या रडणाऱ्या पोरीला पाणी पाजून म्हणाली, "तुझी चूक नाही, बाळ. हे शिकायला वेळ लागतो." साहेब बघत होते. ऑर्डर बोटीवर चढायची तारीख जवळ येत होती, आणि बोट कुणासाठी थांबत नाही.

त्याच संध्याकाळी, सुट्टीच्या आधी, साहेबांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं. "मी एकटी येणार नाही," ती इथेही म्हणाली, पण या वेळी साहेबांना नवल वाटलं नाही. थोरली, धाकटी आणि काकी अशा तिघी गेल्या. घड्याळमास्तर आधीच तिथे बसले होते. थोरलीने तेच सांगितलं जे पहिल्या दिवशी सांगितलं होतं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. मास्तर म्हणाले, "साहेब, आठवडाभर अख्खी रांग मोजायला माझी तयारी आहे. टार्गेट पक्कं निघेल. नाहीतर सहा महिन्यांनी मला परत यावं लागेल." त्यांना त्या गोंदाच्या वासात परत यायचं नव्हतं हेही खरं असावं.

सगळं मिळालं असं नाही. जुन्या बुटांचंही टार्गेट पुन्हा मोजा, असं धाकटीने वर जोडलं होतं; ती मागणी साहेबांनी पुढच्या वर्षावर ढकलली. कोपऱ्यात काढलेल्या दिवसांचा पगार नवशिक्यांचाच लागला. रांगप्रमुखाची खुर्ची दुसऱ्या शेडमधल्या कुणालातरी मिळाली आणि थोरलीची पाठ होती तशीच दुखत राहिली. पण नव्या बुटासाठी मास्तर आठवडाभर रांगेत फिरले, काकींच्या मागे उभे राहिले, दोरा तुटला तर तो पुन्हा ओवून होईपर्यंत थांबले, कुणी पाणी प्यायला उठली तर घड्याळ चालूच ठेवलं. जे टार्गेट निघालं ते बायकांनी दोनदा वाचून घेतलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. त्या महिन्यात काकींना पूर्ण पगार मिळाला. काकींनी कुणाचे आभार मानले नाहीत. फक्त दुपारी डबा घेऊन त्या मशीनवरून उठल्या, शेडबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि दोन्ही हातांनी जेवल्या. त्यांना तसं जेवताना पाहून बाकीच्याही एकेक करत बाहेर आल्या.

दोघी जावांचं म्हणाल तर घरात पातेली अजून जागची हलतात. पण कारखान्यात धाकटी थोरलीकडे आता वेगळ्या नजरेने बघते. वेग तर पूर्वीही होता तिच्याकडे, त्याचा हेवा करता येत होता. ज्या गोष्टीचा सगळ्यांत जास्त अभिमान, तीच गोष्ट मुठीत झाकून ठेवायला काय लागतं, हे धाकटीला त्या एका बुटानंतर कळलं होतं. तिला स्वतःला एक बूट तरी शिवावाच लागला होता. थोरलीने एकही शिवला नव्हता.

थोड्याच दिवसांनी दुपारच्या सुट्टीत सोल विभागातले तीन-चार पुरुष कट्ट्यापाशी येऊन घुटमळले. हातांना गोंद, कपड्यांना गोंद. त्यांच्यातला वयाने मोठा होता तो म्हणाला, "ताई, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येतायत मोजायला. आमच्यातल्या सगळ्यांत तगड्या गड्याला उभं करणार म्हणतात. जरा येऊन बोलाल का आमच्याशी?"

थोरलीने डब्याचं झाकण लावलं. "उभं राहू नका असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "राहिलात तर सगळे राहा. चला, येते."

"थांबा जाऊबाई," धाकटी म्हणाली, आणि घाईघाईने हात धुवून तीही तिच्याबरोबर निघाली.